दुसरीच्या कुशीतले आपले मूल



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनसवर बोलू, कंत्राटी कामगारांवर बोलू, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही 'सरोगसी' म्हणालो, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्यांचे काही चुकले नाही. आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या जुन्या कपाटातली पुस्तके वाचून आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून. आम्ही डॉक्टर नव्हे, वकीलही नव्हे. पण हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. तो आपल्या पायांनी आमच्या कचेरीचा जिना चढून आला.

झाले ते असे. आमच्या वडिलांबरोबर गिरणीत साच्यांवर काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांचा नातू आणि नातसून गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्याकडे आली. मुलगा बँकेत, मुलगी शाळेत शिक्षिका. मुलीचे गर्भाशय आजारपणात काढून टाकावे लागलेले. बीजकोश मात्र शाबूत. डॉक्टरांनी सांगितले होते की, मूल तुमच्या दोघांच्या रक्ताचे होऊ शकेल, पण ते वाढवायला दुसऱ्या स्त्रीची कूस लागेल. मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या संघटनेत इतक्या घरकामगार बाया आहेत. एखादी चांगली, गरजू बाई बघून द्या. आम्ही तिला काही कमी पडू देणार नाही."

'गरजू' हा शब्द आमच्या कानात रुतून बसला. मालकालाही नेहमी गरजू माणूसच हवा असतो. जो गरजू नसतो तो प्रश्न विचारतो. तरीही आम्हाला त्या मुलाचा राग आला नाही. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रांगत्या बाळकृष्णाचे चित्र होते, आणि ती मुलगी सारा वेळ तिकडे पाहायचे टाळत होती. आम्ही त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, कायद्याचे पुस्तक मिळवले, दोन ओळखीच्या डॉक्टरांना गाठले आणि आमच्या बायांशी बोललो. त्यानंतर त्या जोडप्याला जे सांगितले, तेच आज आपणासमोर मांडणार आहोत. ज्यांच्या घरात असा प्रसंग आहे त्यांना ते उपयोगी पडावे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनीही ते ऐकावे, एवढाच हेतू.

प्रथम ही गोष्ट आहे तरी काय? देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरी गेला आणि बलराम जन्मला, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. त्या कथेत देवकीचे दुःख आहे, कंसाची भीती आहे. रोहिणीला काय वाटले, तिला विचारले होते काय, हे मात्र कोणी सांगत नाही. ही उणीव आपण ध्यानात ठेवू. पुढच्या साऱ्या बोलण्यात आम्ही रोहिणीकडे पुनःपुन्हा येणार आहोत.

पुराणात जे देवाने केले ते आज प्रयोगशाळेत होते. आमच्या परळचेच उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव होरपळून निघाला होता. त्याच परळात, के. ई. एम. रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. वैज्ञानिक नोंदींनिशी सिद्ध झालेले ते देशातले पहिले टेस्टट्यूब बाळ. आम्ही तेव्हा पोरसवदा होतो. बाळ नळीत वाढते अशीच चाळीतल्या बायकांची समजूत! खरे म्हणजे नळीत फक्त बीजांचा संयोग होतो आणि गर्भ काही दिवसांचा होईपर्यंत तिथे राहतो. वाढायला कूस लागतेच. सरोगसीत तो गर्भ दुसऱ्या स्त्रीच्या कुशीत ठेवतात. आपल्या कायद्याप्रमाणे त्या स्त्रीचे स्वतःचे बीज वापरता येत नाही. म्हणजे मूल रक्ताने तिचे नसते. पण त्याचे पोषण होते ते तिच्या रक्तावरच.

आता कायदा पाहू. सरोगसी नियमन कायदा २०२१ सालचा असून तो २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यापूर्वी हा आपल्या देशात उघड बाजार होता. परदेशांतून जोडपी येत आणि मूल घेऊन जात. २००८ साली एका जपानी जोडप्याचा मूल जन्मण्यापूर्वीच काडीमोड झाला आणि इथे जन्मलेल्या त्या मुलीचे पालक कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ साली परदेशी लोकांना बंदी झाली, आणि २०२१ च्या कायद्याने व्यापारच बंद केला.

आज सरोगसीची वाट कोणाला मोकळी आहे? विवाहित भारतीय जोडप्याला. दाखला मिळण्याच्या दिवशी पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ यांमध्ये हवे. त्यांना हयात मूल नसावे; मूल गंभीर व्याधीने किंवा अपंगत्वाने ग्रस्त असेल तर अपवाद आहे. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही वयाच्या ३५ ते ४५ या काळात परवानगी आहे. अविवाहित स्त्रीला, एकट्या पुरुषाला, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना नाही. ही रेषा योग्य ठिकाणी ओढली आहे की नाही, हा वाद न्यायालयांत चालू आहे. आज रेषा तिथे आहे हे मात्र ध्यानात ठेवावे. ज्यांनी कायदा येण्यापूर्वीच गर्भ गोठवून ठेवले होते त्यांना वयाची ही अट लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला.

हौस किंवा सवड हे कारण चालत नाही. वैद्यकीय कारण हवे : गर्भाशय नसणे किंवा काढलेले असणे, वारंवार गर्भपात होणे, टेस्टट्यूबचे प्रयत्न पुनःपुन्हा फसणे, अथवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार. याचा दाखला जिल्हा वैद्यकीय मंडळ देते. बीज शक्यतो दोघांचेच असावे. २१ फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने, मंडळाने तशी गरज मान्य केल्यास, दोघांपैकी एकाचे बीज दात्याकडून घेता येते. विधवा वा घटस्फोटित स्त्रीला मात्र स्वतःचेच स्त्रीबीज वापरावे लागते.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण म्हणतो. या कामात मात्र शहाण्याने ती आधीच चढावी लागते. गर्भ ठेवण्यापूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याकडून मुलाच्या पालकत्वाचा व ताब्याचा आदेश घ्यायचा असतो. जन्मानंतर तोच जन्माचा कागद ठरतो. जन्मलेले मूल कायद्याने त्या जोडप्याचे औरस मूल, सर्व हक्कांसह. त्याला टाकता येत नाही. मुलगी झाली, जुळे झाले, व्यंग निघाले, मध्यंतरी नवरा-बायकोचे बिनसले, तरीही नाही. दुकानातून आणलेली वस्तू परत करता येते. इथे परतीची वाट नाही, आणि असू नये. ज्यांच्या मनाची एवढी तयारी नसेल त्यांनी पहिला कागदही करू नये.

इथवरचे सारे तुम्हाला कोणताही चांगला डॉक्टर सांगेल. यापुढचे कामगार चळवळीतल्या माणसाने सांगावे असे आहे. आता आपण रोहिणीकडे येऊ.

ही स्त्री कोण असावी? २५ ते ३५ वर्षांची, विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली. शरीराने व मनाने ती या कामाला योग्य असल्याचा दाखला हवा. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते, आणि त्यासाठी तीनपेक्षा अधिक प्रयत्न करता येत नाहीत. ती नात्यातलीच हवी असे बंधन कायद्यात नाही. ती राजीखुशीने आलेली हवी. तिची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यायची, आणि गर्भ ठेवण्याच्या क्षणापर्यंत ती मागे फिरू शकते. तिच्यावर गर्भपाताची सक्ती कोणालाही करता येत नाही. तुमचे मूल तिच्या पोटात असले तरी पोट तिचे आहे, असा याचा अर्थ.

तिच्या देहावर काय गुदरते, तेही ऐका. आधी कित्येक आठवडे गोळ्या आणि सुया. परक्या बीजाच्या गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा धोका अधिक असतो. एकाऐवजी दोन-तीन गर्भ ठेवले तर जुळे-तिळे, आणि त्याबरोबर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे. म्हणून नियम एकाच गर्भाचा आहे. विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत मुभा. 'एका दमात दोन मुले होतील, काम संपेल' असा हिशेब कोणी सुचवला, तर तो फेडते कोण हे आधी विचारावे. पुष्कळदा पोट फाडून प्रसूती होते, आणि तो व्रण पुढच्या गरोदरपणातही तिच्याबरोबर असतो. आणखी एक गोष्ट आम्हाला आमच्या बायांनी सांगितली. ती कोणत्याही कागदात नाही. बाळ तुम्ही घरी नेता, आणि दोन-तीन दिवसांनी तिला दूध येते.

आमच्या संघटनेतल्या एका बाईने कायदा येण्यापूर्वी पैशासाठी हे केले होते. नऊ महिने तिला एका मोठ्या शहरातल्या वसतिगृहासारख्या जागेत ठेवले होते. तिची दोन मुले तेवढे दिवस आजीकडे. कागद इंग्रजीत होता, प्रत तिला मिळाली नाही. आलेल्या पैशातून तिने घराला पक्के छप्पर घातले, आणि त्याचा तिला आजही अभिमान आहे. हेही सांगितले पाहिजे, नाही तर आम्ही खोटे बोललो असे होईल. पण पुढे टाक्यांच्या जागी त्रास सुरू झाला. ती चौकशीला गेली तेव्हा तिथे तिला कोणी ओळखही दाखवली नाही. तिच्याजवळ कागदच नव्हता. आम्ही तिला विचारले, "पुन्हा केले असतेस का?" ती म्हणाली, "केलं असतं. पण कागद मागून घेतला असता." आमच्या तीस वर्षांच्या चळवळीचे सार तिने एका वाक्यात सांगितले.

आता वेतनाचा प्रश्न. आजचा कायदा म्हणतो, हे काम परोपकाराचे. औषधोपचाराचा खर्च, नियमांत बसणारा इतर खर्च आणि विमा यांपलीकडे तिला काही देणे हा गुन्हा. क्लिनिकने व्यापार केला तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मूल मागणाऱ्या जोडप्यानेही हा मार्ग धरला तर पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. मध्यस्थालाही शिक्षा आहे. म्हणजे त्या दिवशी आम्ही 'बघतो एखादी बाई' असे म्हटले असते, तर तुमच्यासमोर बोलायला आज कदाचित आलोही नसतो!

या बंदीमागचा हेतू आम्हाला समजतो. ज्या राज्यात ऊसतोडणीचा हंगाम बुडू नये, खाडा पडू नये, म्हणून बीडच्या बायांची गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, त्या राज्याला गरिबीपुढे बाईचे शरीर किती स्वस्त होते, हे कोणी शिकवायला नको. पण एक गोष्ट आम्हाला डाचते. या व्यवहारात डॉक्टर फी घेतो, प्रयोगशाळा बिल देते, वकील आपला मेहनताना घेतो. ज्यात खरे श्रम आहेत तेवढेच काम फुकट आणि पवित्र! बाईच्या कामाला पवित्र म्हटले की मोल द्यावे लागत नाही, हा आपल्या घराघरातला जुना अनुभव आहे. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनेही २०१७ साली म्हटले होते की, या स्त्रीला रास्त भरपाई मिळावी. ते मानले गेले नाही. आम्हाला वाटते की या प्रश्नाचा पुन्हा विचार झाला पाहिजे. तोवर कायदा पाळला पाहिजे, आणि त्याचे कारण केवळ शिक्षेचे भय एवढेच नाही. टेबलाखालून दिलेल्या पैशाला पावती नसते. जिच्याकडे पावती नाही तिला उद्या दाद मागता येत नाही. चोरून दिलेला पैसा देणाऱ्याला दाता करतो आणि घेणारीला गुन्हेगार.

मग पैसे देता येत नाहीत म्हणून ऋण संपले काय? उलट ते वाढले, आणि ते फेडण्याचे कायदेशीर मार्ग पुष्कळ आहेत.

पहिला विम्याचा. प्रसूतीनंतरच्या त्रासासह तिच्या आरोग्याचा ३६ महिन्यांचा विमा तुमच्या खर्चाने काढायचा असतो. तो दाखल्यापुरता काढू नका. अटी मराठीत लिहून तिला वाचून दाखवा आणि विम्याचा कागद तिच्याच हाती द्या. दुसरा कागदांचा. संमतिपत्र, तपासण्या, शस्त्रक्रियेची नोंद, या साऱ्यांची एक प्रत तिच्या ट्रंकेत असली पाहिजे. क्लिनिकला २५ वर्षे नोंदी जपाव्या लागतात. मग तिच्याकडे त्या का नसाव्यात? तिसरा सल्ल्याचा. तुमचा डॉक्टर तुमच्या बाळाकडे पाहतो. तिच्याकडे पाहणारा, तिने निवडलेला दुसरा डॉक्टर तिला एकदा तरी भेटू द्या.

चौथा रजेचा, हा तर आमच्या हातचा विषय. ज्या आईच्या बीजाचे मूल दुसरीच्या कुशीत वाढले, तिला मूल हाती आल्या दिवसापासून बारा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने मिळाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. व्याख्या 'स्वतःचे बीज देणारी' अशी असल्याने, दात्याचे स्त्रीबीज घेतलेल्या आईने आधीच मालकाशी लेखी बोलून घ्यावे. केंद्र सरकारी नोकरीत २०२४ च्या नियमांनी, दोनपेक्षा कमी मुले असल्यास, मूल मागणारी आणि मूल वाढवणारी अशा दोघींनाही १८० दिवस आणि वडिलांना १५ दिवस रजा मिळू शकते. पण तुमच्यासाठी कूस देणारी बाई चार घरची धुणीभांडी करत असेल, तर तिच्या रजेचा कागद कोणत्या सरकारी कपाटात आहे? कोणत्याच नाही. तिचा रोज बुडणार, आणि बुडालेल्या रोजाचे नाव कायद्याने घेतलेले नाही.

म्हणूनच आमचे मुख्य सांगणे एका वाक्याचे आहे. जिला तुम्हाला 'नाही' म्हणता येत नाही, तिचा 'हो' घेऊ नका. तुमच्या घरची मोलकरीण, तुमची कर्जदार, तुमच्या हाताखालची नोकर, यांच्यापुढे हा विषयही काढू नका. आणि ही कसोटी फक्त गरीब बाईलाच लावायची असे नाही. सासूच्या शब्दाखाली दबलेली धाकटी जाऊ, भावाच्या आधाराने माहेरी राहिलेली बहीण, यांचा 'हो' सुद्धा तपासून घ्यावा लागतो. नात्यात पैसा नसतो, पण दडपण असते. तिला एकटीला बसवून, तिऱ्हाइताकडून विचारा. आणि ती 'नाही' म्हणाली तर तिचा दिवाळीचा फराळ पूर्वीसारखाच तिच्या घरी जाईल, याची हमी आधी द्या.

शेवटचे मुलाबद्दल. त्याच्यापासून हे लपवू नका. ज्या गोष्टीची नोंद न्यायालयात आहे, ती घरातच कशी लपून राहणार? लहानपणीच त्याला सांगा की तुला वाढवायला एका मावशीने आपली कूस दिली. त्याच्या बारशाला तिला बोलवा. ती येवो न येवो, बोलावणे जाऊ द्या. आणि हे सारे ऐकून कोणाला वाटले की ही वाट आपली नव्हे, तर दत्तकाचा रस्ता खुला आहे. तिथेही रांग आहे, पण ती वाट धरणारे आईबाप काही कमी आईबाप नसतात.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले, हे आपण विचारणारच. आम्ही त्यांना बाई बघून दिली नाही. आठ दिवसांनी हे सारे सांगितले तेव्हा मुलगा जरा रागावूनच गेला. चार महिन्यांनी दोघे परत आली. मुलीची मावसबहीण, दोन मुलांची आई, स्वतः होऊन पुढे आली होती. तिच्या नवऱ्याचे मन वळायला वेळ लागला, आणि तो वेळ यांनी दिला. जिल्हा मंडळाचा दाखला झाला, न्यायालयाचा आदेश झाला, विमा झाला. गर्भ ठेवला, पण तो राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू. बहीणही तयार होती. तेव्हा ती शिक्षिका म्हणाली, "नको. तिला तीन महिने विश्रांती मिळू दे. मी थांबेन."

आज ती थांबलेली आहे. मूल होईल की नाही, कोणालाच सांगता येणार नाही. पण रोहिणीला काय वाटते हे त्या घरात कोणीतरी विचारले, एवढे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले.